शिवलेल्या फाइलीतलं नववं पान

१

"सात, आठ, दहा," अ‍ॅडव्होकेट तुळजाबाई घुले म्हणाल्या आणि थांबल्या. ओल्या स्पंजाला बोट लावून त्यांनी पान मागे घेतलं, पुन्हा पुढे उलटलं. "तुमच्या शाळेत आठानंतर दहा यायचे का हो?"

परवीन खुर्चीतून पुढे झुकली. पानांच्या कोपऱ्यांत हॉस्पिटलचे निळे शिक्के होते आणि शिक्क्यांखाली आकडे. आठ. मग दहा. नऊ नव्हतंच.

"असं होणार नाही," ती म्हणाली. "एक्केचाळीस पानं होती. मी स्वतः मोजून शिवलीत."

"शिवलीत?"

"दाभणाने चार भोकं, मेणदोरा, मागे गाठ. सुटी पानं वकिलांच्या टेबलांवरून फिरतात तेव्हा काय होतं, हे कुणी सांगायला नको."

तुळजाबाईंनी फाइल उलटी करून दोऱ्यावर नख फिरवलं. सगळं घट्ट, सरळ, नीटनेटकं. "गाठ तुमचीच?"

"माझीच. डोळे मिटून ओळखेन."

"म्हणजे फाइल कुणी उसवली नाही आणि तरी पान उडून गेलं. बाई, मी वकील आहे, जादूगार नाही."

परवीन चव्वेचाळीस वर्षांची, कॉलेजात ग्रंथपाल. हाताला लागेल ते वाचणारी, भेळेचा कागदसुद्धा न सोडणारी. पण ही एक्केचाळीस पानं तिला एकवीस महिन्यांत वाचता आली नव्हती. अब्बांचं नाव वरच्या ओळीत दिसलं की पुढची ओळ हलायला लागायची. म्हणून तिने ती फक्त मोजली आणि शिवली. तिचे वडील अमीन पन्नास वर्षं पुस्तकं बांधत होते; शिवणं तिला जमणारं होतं.

अब्बा हर्नियाच्या साध्या ऑपरेशनसाठी आपल्या पायांनी हॉस्पिटलात गेले होते. ऑपरेशनच्या आधी एक इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत श्वास कोंडून सगळं संपलं. इंजेक्शन पेनिसिलिनच्या गटातलं होतं. अब्बांना तरुणपणीच एकदा पेनिसिलिनने मरणाच्या दारात नेलं होतं. अख्ख्या मोहल्ल्याला ते ठाऊक होतं. हॉस्पिटलातल्या मोठ्या साहेबांनी मात्र टेबलावर पेन आपटत तिच्या आईला म्हटलं होतं, "बाई, तुम्ही सांगितलंच नाही. आम्हाला काय स्वप्न पडणार?"

तेव्हापासून नसीमबानू, परवीनची अम्मी, भाजी निवडता निवडता मध्येच थांबून विचारायची, "मी सांगितलं होतं ना गं?" परवीन म्हणायची, "सांगितलं असशील." त्या 'असशील'ने दोघींचं जेवण थंड व्हायचं. केस करायची ती एवढ्याचसाठी. भरपाईचा आकडा परवीनने अजून मनातही धरला नव्हता.

तुळजाबाई साठीच्या. मांजरी गावच्या शेतकरी घरातल्या. बारा वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स आणि मग सासूच्या नाकावर टिच्चून वकील. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आठव्या पानावर भरतीचा फॉर्म आहे. दहाव्यावर नाडी, रक्तदाब. मध्ये काय येतं, ते मी झोपेत सांगेन. भरती करून घेताना नर्स विचारते, पूर्वीचे आजार कोणते, कुठलं औषध चालत नाही. सांगणाऱ्याची खाली सही घेते. तेच पान गेलंय."

"पुन्हा मागता येईल ना?"

"येईल की. मग त्यांना कळेल आपण काय शोधतोय, आणि मिळेल ते नववं पान ताज्या शाईचं असेल. पहिल्याच आठवड्यात शिक्का मारून दिलेली ही प्रत, तिला मोल. मुदत दोन वर्षांची आहे, तुमच्याकडे तीन महिने उरलेत." त्यांनी फाइल परवीनकडे सरकवली. "माझ्याआधी कुणाकुणाकडे फिरली ही?"

"दोघांकडे."

"मग त्या दोघांना भेटा. आणि मला फोन करताना 'बहुतेक', 'वाटतं' असले शब्द घरी ठेवून करा."

२

वारज्याचे हिंदुराव कोंढरे जमिनीच्या केसेसमध्ये नावाजलेले. ऑफिस स्वतःच्याच इमारतीत, भिंतीवर आजोबांचा फेटेवाला फोटो. परवीनला पाहताच त्यांनी चहा सांगितला आणि प्रश्न ऐकून कप खाली ठेवला.

"ताई, खोटं कशाला बोलू? फाइल म्या उघडलीच न्हाय. वरनंच वजन केलं." ते ओशाळून हसले. "सातबारा द्या, झोपंत वाचतो. हे डाक्टरचं अक्षर त्याच्या बापालाबी लागायचं न्हाय. एक रात्र कपाटात ठिवली न् सकाळी तुळजाबाईंचा पत्ता दिला. आता माझ्या कपाटाची झडती घ्यायची तर घ्या, पण खालच्या खणातला फराळ सांगू नका घरी."

परवीनला हसू आलं. बऱ्याच दिवसांत असं अचानक आलं नव्हतं. खोटं बोलणारा माणूस इतक्या बिनदिक्कत स्वतःचं अज्ञान दाखवत नाही, एवढी माणसं तिने ग्रंथालयाच्या खिडकीतून पाहिली होती.

खराडीला श्यामसुंदर ओसवालांचं ऑफिस नवव्या मजल्यावर, सगळं काचेचं. त्यांच्याकडे फाइल आठ दिवस होती आणि परत आली ती दोन ओळींच्या नकारासह.

"मॅडम, इमोशनली मी समजू शकतो," श्यामसुंदर म्हणाले. "पण मेरिट नाही. आणि पान मिसिंग आहे म्हणता, तर सॉरी, आम्ही फाइल आहे तशी रिटर्न केली. आमचा स्कॅनर सुटी पानं घेतो, तुमची फाइल तर गोधडीसारखी शिवलेली. स्टाफ वैतागला होता."

"आपण वाचली होती?"

"ग्लान्स केलं."

"नववं पान आठवतं?"

"मॅडम, मला काल दुपारचं जेवण आठवत नाही."

बाहेर पडताना लिफ्टला वेळ होता. परवीनची नजर सवयीने भिंतीवरच्या अक्षरांकडे गेली. पितळी पाटीवर ऑफिसच्या मोठमोठ्या अशिलांची नावं कोरली होती. चौथ्या ओळीत ते हॉस्पिटल होतं. अब्बा जिथे गेले ते.

लिफ्ट आली आणि गेली. तिने तिथूनच फोन लावला. "तुळजाबाई, सापडला. बहुतेक नाही, वाटतंही नाही. सापडला."

तिने पाटीचं सांगितलं. मग पलीकडून आवाज आला, "वा. आता फाइल घेऊन या, आणि दाभण-कात्री पण. तुमची ती प्रसिद्ध गाठ सोडायची आहे."

३

दुसऱ्या दिवशी तुळजाबाईंच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून परवीनने गाठ सोडली. दोरा भोकांतून अलगद ओढून घेतला आणि पानं एकेक करून मोकळी केली.

"तो माणूस हॉस्पिटलचा वकील आहे, आणि हे त्याने पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं," तुळजाबाई बोलत होत्या. "त्याची तक्रार करू ती वेगळी. पण निर्लज्जपणा आणि चोरी एकाच कलमात येत नाहीत. आठवं पान काढा. थांबा. हे काय?"

आठव्या आणि दहाव्या पानांच्या मध्ये, शिवणीच्या बाजूला, बोटभर रुंदीची कोऱ्या कागदाची पट्टी होती. पानाएवढीच उंच, कडा सरळ, आठव्या पानाच्या पाठीला जराशी चिकटवलेली. तिलाही चार भोकं होती, बरोबर जागच्या जागी.

परवीनने ती बोटांत धरून भोकं मोजली, मग पुन्हा मोजली.

"बोला," तुळजाबाई म्हणाल्या.

"बांधलेल्या पुस्तकातून एखादं पान काढलं की तिथे पोकळी होते. पाठ बसते, दोरा सैल पडतो. म्हणून पानाच्या जागी अशी पट्टी घालतात. मग पाठ जशीच्या तशी राहते."

"हे कुणालाही सुचतं?"

"नाही. सुचायला..." ती अडखळली. "सुचावंही लागत नाही. या धंद्यातल्या माणसाचा हात ते आपोआप करतो."

"आता खराडीच्या काचेच्या घरातला चोर डोळ्यांपुढे आणा. पान फाडेल, फाइल हरवेल, चहा सांडेल. पण चोरी करून झाल्यावर फाइलची पाठ दुखू नये म्हणून तिला उशी देईल का?" तुळजाबाईंनी पट्टी उजेडाकडे धरली. "कागदाची चोरी करतानाही ज्याला कागदाची हेळसांड बघवली नाही, असा माणूस आहे हा. तुमच्या ओळखीत असे किती?"

परवीनला एकच नाव सुचलं. "रज्जाकचाचा. अब्बांचा धाकटा भाऊ. दुकान आता तेच चालवतात."

"त्यांना पान काढायचं काही कारण?"

परवीनने खिडकीबाहेर पाहिलं. "त्या हॉस्पिटलची सगळी रजिस्टरं चाचाच बांधून देतात. अकरा वर्षं झाली."

४

भवानी पेठेतल्या दुकानात पुठ्ठ्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत दोघी आत गेल्या. रज्जाकचाचा कटिंग मशीनच्या चाकावर हात ठेवून उभे होते. पुतणीबरोबर काळ्या कोटातली बाई पाहून त्यांनी भुवया उंचावल्या.

"या, या. परवीन, वकीलबाईंना घेऊन आलीस म्हणजे माझी वाटणी झाली म्हणायची. हा गोंदाचा डबा तुझा, उंदीर माझे."

"चाचा, चेष्टा नको." तिने पट्टी त्यांच्यापुढे धरली. "ही तुम्ही घातलीत?"

चाचांनी पट्टी घेतली. ती कसली, कुठली, हे त्यांनी विचारलंच नाही. अंगठ्याने कडा तपासली, चिकटवलेल्या जागेवर नख फिरवलं आणि नाकाशी नेली.

"परवीन, मी वीस वर्षं डब्यातला पांढरा गोंद वापरतोय. ही मैद्याची खळ आहे, शिजवलेली. मोरचूद घातलंय, कीड लागू नये म्हणून. आता इतका खटाटोप कोण..." ते मध्येच थांबले. पट्टी त्यांनी हळूच परत दिली. "मला काही माहीत नाही. घरी जा."

"चाचा, हॉस्पिटलचं काम तुमच्याकडे आहे म्हणून..."

"होतं." त्यांचा आवाज चढला. "भाईजान गेले त्या महिन्यात सोडलं. त्यांच्याच मयताच्या नोंदीचं रजिस्टर मी बांधू? तुला सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. घरी जा म्हणतो ना!"

तुळजाबाई इतका वेळ रजिस्टरांच्या गठ्ठ्यावर आरामात बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून सुटी पानं काढली.

"चाचा खरं बोलतायत," त्या म्हणाल्या. "बाराव्या पानावर इंजेक्शनचं नाव आहे, वेळ आहे, डॉक्टरची सही आहे. हॉस्पिटलला वाचवायला निघालेला माणूस ते पान कशाला मागे ठेवेल? आपल्या चोराने ते ठेवलं, कारण त्याच्या लेखी त्यात काही नव्हतं. काय लिहिलंय ते बघून त्याने पान निवडलेलं नाही. त्याला हे वाचताच येत नाही, परवीनबाई. मग नवव्या पानावर त्याला असं काय दिसलं, जे बाकी चाळीस पानांवर नाही?"

परवीनने त्यांच्या हातातल्या पानांकडे पाहिलं.

"बाकी फॉर्मांवर सह्या तुमच्या आहेत. भरतीच्या वेळी तुम्ही होता?"

"नाही. कॉलेजात होते. तासाभराने पोचले."

"मग नर्सच्या प्रश्नांखाली सही कुणाची असणार?" तुळजाबाईंचा आवाज एकदम मऊ झाला, नर्सचा असावा तसा. "आता एकच विचारते. ती गाठ, डोळे मिटून ओळखता ती. तुम्हाला कुणी शिकवली?"

चाचांनी पाठ फिरवली आणि उगाच मशीनचं चाक पुसायला घेतलं.

अब्बा पुस्तकं बांधायचे, पण पानांची शिवण दुकानात कधी होतच नसे. गठ्ठे घरी यायचे. चाळीस वर्षं ती सगळी शिवण एकाच बाईने केली होती, मैद्याची खळही तीच घरी शिजवायची. सात वर्षांची असताना परवीनने त्याच बाईच्या मांडीला टेकून पहिली गाठ मारली होती.

५

बिबवेवाडीच्या घरी नसीमबानूंनी दार उघडलं, पाहुणीला पंख्याखालची खुर्ची दिली आणि चहा टाकायला वळल्या. त्या सत्तरीच्या, किरकोळ, पण चालणं अजून ताठ. परवीनने सुटी फाइल टेबलावर ठेवली. अम्मीने ती पाहिली आणि गॅस बारीक केला.

  तुळजाबाई सहज म्हणाल्या, "नसीमबानू, ते पान घडी घालून ठेवलंय का हो? घडीवर अक्षर झिजतं."

"घडी?" अम्मी दुखावल्यासारखी म्हणाली. "पानाला घडी कोण घालतं?"

मग तिच्या लक्षात आलं. ती आतल्या खोलीत गेली आणि दोन पुठ्ठे घेऊन आली. मध्ये नववं पान होतं, सपाट, एकही सुरकुती नसलेलं.

"मी हरवलं नाही ते," ती म्हणाली. "फाडलंही नाही. त्या खराडीवाल्या वकिलाकडून फाइल परत आली, तेव्हा चाळून पाहिली. मला इंग्रजी कुठे येतं? पण ही सही माझी आहे, उर्दूतली. आणि तिच्यावर बघ, जाड चौकट करून काहीतरी लिहिलंय. अख्ख्या फाइलीत अशी चौकट कुठे नाही. साहेब म्हणाले होते, तुम्ही सांगितलं नाही, तशी नोंद आहे. मला वाटलं हीच ती. माझ्या सहीनिशी." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कोर्टात सगळ्यांसमोर वाचली असती. तू ऐकली असतीस. तुझ्या अब्बांना मी मारलं, हे तू कागदावर वाचलं असतंस, परवीन."

परवीनने पान हातात घेतलं. वर अब्बांचं नाव होतं. या वेळी ओळ हलली तरी ती थांबली नाही. अक्षर नर्सचं होतं, गोल, स्वच्छ. ती आधी मनात वाचून गेली, मग मोठ्याने, मग एकेक शब्द मराठीत करत.

"चौकटीत लिहिलंय, 'पेनिसिलिन देऊ नये. तरुणपणी दिल्यावर श्वास बंद पडला होता. पत्नीने दोनदा सांगितले.' अम्मी, इथे दोनदा शब्दाखाली रेघ आहे. वेळ, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. खाली नर्सची सही, आणि तुझी."

"दोनदा?" अम्मीने विचारलं.

"दोनदा."

"हो. ती पोरगी लिहीत होती, मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. म्हणून पुन्हा सांगितलं." अम्मी खुर्चीत बसली. मग ती रडली, पण फार वेळ नाही. "पोरगी चांगली होती. लिहून घेतलं तिने."

"तिने लिहिलं," तुळजाबाई म्हणाल्या, "आणि इंजेक्शन देणाऱ्याने वाचलं नाही. पान उलटायचे कष्ट घेतले नाहीत. आपली अख्खी केस एवढीच आहे."

चहा उतू गेला. परवीनने उठून गॅस बंद केला, ओटा पुसला आणि उरलेला चहा तीन कपांत ओतला. प्रत्येकीला अर्धा अर्धा आला. अम्मीने ते पान पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा, या वेळी इंग्रजीतूनच, नुसतं ऐकायला. तिसऱ्या वेळी ती चक्क मान डोलावत होती.

तुळजाबाईंनी पिशवीतून वकीलपत्र काढलं. "परवीनबाई, तक्रारदार म्हणून इथे सही करा."

"थांबा," नसीमबानू म्हणाल्या. "पहिलं नाव कुणाचं?"

"मुलीचं घालतात बहुधा. तुमचं वय झालं, हेलपाटे पडतील."

"पहिलं माझं घाला. सांगितलं मी होतं, सही माझी आहे."

"बाई, नीट ऐका. ग्राहक आयोगात त्यांचा वकील तुम्हाला उलटसुलट विचारेल. आवाज चढवेल. वय किती, चष्म्याचा नंबर किती, सगळं काढेल. आणि शेवटी आपण जिंकूच, असं मी लिहून देणार नाही."

"विचारू द्या की. माणूस गेल्यापासून मला नीट विचारलंय कुणी?" नसीमबानूंनी पेन उघडलं, कागद आपल्याकडे ओढून घेतला आणि उजवीकडून डावीकडे, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. मग पेन परवीनच्या हातात दिलं आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "तू इथे, माझ्याखाली. आणि वकीलबाई, तारीख सकाळची मागा. दुपारी माझा आवाज बसतो."